काउंटरसिंक बिट: स्क्रूचं डोकं नेमकं कुठे थांबवायचं

प्लायच्या खोक्यावर सनमायका चिकटवण्याआधी चांगला सुतार पूर्ण पाटावरून तळहात फिरवतो. एखाद्या स्क्रूचं डोकं किंचित जरी वर राहिलं असेल तरी ते हाताला लागतं. तसंच सोडलं तर सनमायका त्या जागी नीट चिकटत नाही, टेंगूळ दिसतं आणि पुढे कधीतरी तिथेच ती तडकते. डोकं गरजेपेक्षा जास्त आत गेलं असेल तर वरचा खड्डा लांबीने, म्हणजे पुट्टीने, बुजतो आणि सगळं ठीक दिसतं. नुकसान आत झालेलं असतं. डोक्याखाली दाबून धरायला लाकूडच कमी उरतं, वजन आलं की पाट स्क्रूवरून ओढला जातो.

म्हणून काउंटरसिंकची, म्हणजे डोकं बुडावं म्हणून भोकाच्या तोंडाशी केलेल्या शंकूच्या खड्ड्याची, खोली अंदाजावर सोडू नये. एकदा बिट नीट बसवलं आणि त्यावरची खोली थांबवणारी कॉलर घट्ट केली की शंभर भोकं एकसारखी पडतात. ते कसं करायचं, ते इथे सविस्तर देतो. उदाहरण घरच्या कामाचं घेऊ: १८ मिमी प्लायचं पुस्तकांचं कपाट, बाजूच्या पाटातून फळीच्या कडेत जाणारा ४ × ५० मिमीचा स्क्रू.

हे बिट म्हणजे नक्की काय

दुकानात काउंटरसिंक मागितलं तर दोन वेगळ्या वस्तू पुढे येऊ शकतात. एक म्हणजे नुसता शंकूच्या आकाराचा कटर. आधी साध्या बिटने भोक पाडायचं, मग याने तोंड रुंद करायचं. धातूच्या कामात हाच चालतो. दुसरं म्हणजे जोडबिट. मधे बारीक ड्रिल बिट, त्यावर सरकणारा काउंटरसिंकचा कटर आणि कटरच्या अंगावर खोली थांबवणारी गोल कॉलर. भोक आणि डोक्याची जागा एका दमात होते. लाकूडकामाला हेच घ्या, आणि कॉलर असलेलंच घ्या. कॉलर नसलेला संच स्वस्त मिळतो, पण मग प्रत्येक भोकाची खोली हाताच्या दाबावर ठरते, आणि दहाव्या भोकाला हात थकलेला असतो.

कॉलरचेही दोन प्रकार आहेत. साधी कॉलर बिटाबरोबर फिरते आणि लाकडाला टेकली की गोल वळ उठवते. बेअरिंगवाल्या कॉलरचं खालचं कडं मोकळं असतं, लाकडाला टेकताच ते जागीच थांबतं आणि आतलं बिट फिरत राहतं. पॉलिश होणाऱ्या सागवानावर किंवा आधीच लॅमिनेट लावलेल्या पाटावर काम करायचं असेल तर बेअरिंगवाल्या कॉलरला जास्तीचे पैसे देणं मला नेहमीच योग्य वाटतं.

घेताना कोनही पाहा. आपल्याकडे मिळणाऱ्या मेट्रिक सीएसके (काउंटरसंक, म्हणजे शंकूसारख्या डोक्याच्या) स्क्रूच्या डोक्याचा कोन ९० अंशांचा असतो. अमेरिकन पद्धतीचे स्क्रू ८२ अंशांचे असतात आणि ऑनलाइन मिळणाऱ्या बऱ्याच बिटांवर ८२ हाच आकडा असतो. मऊ लाकडात हा फरक खपून जातो, कारण डोकं लाकूड दाबून आपली जागा करून घेतं. लॅमिनेट, कडक लाकूड आणि धातू यांत तसं होत नाही. डोक्याची फक्त वरची कड टेकते आणि सगळा जोर तिथेच येतो.

जाड ड्रिल बिटचं टोक दाबून काउंटर करण्याची सवय बऱ्याच ठिकाणी दिसते. साध्या बिटचं टोक बहुधा ११८ अंशांचं असतं, म्हणजे स्क्रूच्या डोक्यापेक्षा बरंच पसरट. डोकं खाली मानेजवळ टेकतं आणि वर चारी बाजूंनी फट राहते. शिवाय जाड बिट प्लायमध्ये स्वतःहून आत खेचलं जातं, त्यामुळे खोली हातात राहत नाही. लांबीखाली झाकलं जाणार असलं तरी ही सवय सोडावी.

आकडे आधी कागदावर

सीएसके स्क्रूची लांबी डोक्याच्या वरच्या पातळीपासून टोकापर्यंत मोजतात, कारण डोकंही आत बुडतं. म्हणजे ५० मिमीचा स्क्रू बसल्यावर पूर्ण ५० मिमी आत असतो. बाजूचा पाट १८ मिमीचा, तेव्हा फळीच्या कडेत ३२ मिमी जाणार. जोड उत्तम.

डोक्याचा व्यास स्क्रूच्या जाडीच्या साधारण दुप्पट असतो. ३.५ मिमीच्या स्क्रूला सुमारे ७, ४ मिमीला सुमारे ८, ५ मिमीला सुमारे १०. तरी हातातला स्क्रू व्हर्नियरने (बारीक माप घेणाऱ्या कॅलिपरने) मोजून घ्या, कंपनीगणिक थोडा फरक पडतो.

मधलं ड्रिल बिट किती जाड हवं? ते आट्यांच्या मधल्या दांड्याइतकं, किंवा मऊ लाकडात त्याहून थोडं बारीक. स्क्रू आणि बिट एकामागे एक धरून उजेडाकडे बघा. पुढे बिट धरलं असताना मागच्या स्क्रूचे फक्त आटे दोन्ही बाजूंनी बाहेर दिसायला हवेत, दांडा झाकला जायला हवा. ४ मिमीच्या स्क्रूला पाइनमध्ये २.५ मिमी पुरतं. सागवान, शिसव, बाभूळ आणि प्लायची कड यांना ३ मिमी घ्या.

आता ९० अंशांच्या शंकूचा सगळ्यात उपयोगी गुण. तो जितका आत जातो त्याच्या दुप्पट तोंड रुंदावतं. १ मिमी खोल गेला की व्यास २ मिमीने वाढला. आपलं भोक ३ मिमीचं, डोकं ८ मिमीचं, फरक ५. म्हणजे शंकू २.५ मिमी आत गेला की डोकं पाटाशी अगदी समपातळीत येणार. सनमायकासाठी ते अर्धा मिमी खाली हवं, म्हणून ३ मिमी. हा एक आकडा पक्का केला की पुढचं काम सोपं आहे.

कटरचा बाहेरचा व्यास डोक्यापेक्षा थोडा मोठा असू द्या. ८ मिमीच्या डोक्याला १० मिमीचा कटर छान. कटर डोक्याइतकाच असेल तर तोंड रुंदावण्याऐवजी सरळ भिंतीचा खड्डा पडतो आणि डोकं आत जाताना कडेचे पापुद्रे उचलतं.

दोन खोल्या, दोन स्क्रू, दोन वेळा कसणं

बहुतेकांचा गोंधळ इथे होतो. या बिटात दोन वेगवेगळ्या खोल्या ठरवायच्या असतात. कटरच्या बाहेर ड्रिल बिट किती डोकावतं, यावर बारीक भोक किती लांब पडणार हे ठरतं. कॉलरच्या बाहेर कटर किती डोकावतो, यावर डोकं किती बुडणार हे ठरतं. आधी पहिली, मग दुसरी. क्रम उलटा केला तर कॉलर पुन्हा लावावी लागते.

सुरुवातीला मशीनची पिन काढा किंवा बॅटरी बाजूला करा. बिट अजून चकमध्ये (मशीनच्या बिट धरणाऱ्या जबड्यात) लावू नका, ही सगळी जुळणी टेबलावर करायची.

संचाबरोबर आलेल्या ॲलन कीने कटरच्या अंगावरचा छोटा स्क्रू सैल करा आणि ड्रिल बिट सरकतं का बघा. अडकत असेल तर आत भुस्सा बसलेला असतो, तो झटकून टाका. आता ठरवा की भोक एकूण किती खोल हवं. स्क्रूच्या लांबीपेक्षा साधारण ५ मिमी कमी ठेवा, म्हणजे टोकाचे शेवटचे आटे अखंड लाकडात घुसतात आणि पकड घट्ट राहते. कडक लाकडात मात्र पूर्ण लांबीचं भोक पाडा, नाहीतर शेवटच्या टप्प्यात स्क्रूचं डोकं तुटतं.

आपल्या उदाहरणात एकूण खोली ४५ मिमी. त्यातले ३ मिमी शंकूचे. म्हणून शंकू जिथे सुरू होतो तिथपासून ड्रिल बिटच्या टोकापर्यंत ४२ मिमी अंतर ठेवायचं. स्टीलची पट्टी लावून मोजा.

कसण्याआधी ड्रिल बिट थोडं गोल फिरवा. बिटच्या अंगावरची खाच कटरच्या स्क्रूसमोर यायला हवी. स्क्रू खाचेत बसला तर घट्ट धरतो. तो बिटच्या गुळगुळीत उंचवट्यावर कसला तर वीसेक भोकांत बिट सरकायला लागतं, आणि खोली हळूहळू बदलत असल्यामुळे ते पटकन लक्षातही येत नाही. बिटच्या खाचा आणि कटरच्या खाचा एका ओळीत येत असतील तर आणखी बरं, भुस्सा सरळ वर निघतो. मग घट्ट कसा.

आता कॉलर. ती कटरवर सरकवा आणि तिच्या खालच्या तोंडापासून ड्रिल बिटच्या टोकापर्यंतचं अंतर मोजा. ते ४५ हवं. शंकूची सुरुवात कॉलरच्या तोंडाबाहेर बरोबर ३ मिमी दिसली पाहिजे. व्हर्नियर असेल तर त्याची मागची खोली मोजायची दांडी वापरा, पट्टीपेक्षा ती कितीतरी विश्वासाची. कॉलरचा स्क्रू कसा आणि कॉलरची वरची कड जिथे येते तिथे कटरच्या अंगावर मार्करने बारीक रेघ मारून ठेवा. काम करताना कॉलर सरकली तर ती रेघ लगेच सांगते.

आधी तुकड्यावर, मगच पाटावर

मोजमाप कितीही नेमकं असलं तरी शेवटचा निर्णय प्रत्यक्ष स्क्रूचा. त्याच प्लायचा उरलेला तुकडा घ्या. दुसऱ्या लाकडावर केलेली चाचणी इथे उपयोगाची नाही.

मशीन इम्पॅक्टवालं असेल तर हातोड्याचं चिन्ह असलेला खटका साध्या ड्रिलच्या खुणेवर आणा. भिंतीला भोकं पाडून झाल्यावर तो तसाच राहून जातो, आणि हॅमर चालू असताना काउंटरसिंक लावलं तर तोंड फाटतं, बिटची धारही जाते. दोन गिअरच्या बॅटरी मशीनवर २ नंबरचा गिअर लावा.

बिट काटकोनात धरा. शेजारी गुण्या (काटकोन तपासायचं साधन) उभा ठेवला की डोळ्याला अंदाज येतो. तिरकं गेलं तर कॉलर एकाच बाजूने टेकते, आणि डोक्याची एक कड वर राहते, दुसरी आत जाते. मशीन आधी सुरू करा, पूर्ण वेगात आल्यावर टोक लावा. साधारण निम्म्या खोलीवर बिट फिरतं ठेवूनच बाहेर काढा, भुस्सा झटका, पुन्हा आत घाला. कॉलर टेकली की थांबा. टेकल्यावरही दाबत राहिलात तर कॉलर प्लायमध्ये रुतते किंवा वर सरकते.

आता स्क्रू हाताने किंवा मशीनचा क्लच (पिळाचा जोर मर्यादित ठेवणारं आकड्यांचं कडं) कमी आकड्यावर ठेवून बसवा. पट्टीची कड डोक्यावरून आडवी ठेवा आणि उजेडाकडे बघा. पट्टी डोलत असेल तर डोकं वर आहे, कॉलर चककडे थोडी सरकवा. डोकं फार खाली गेलं असेल तर कॉलर टोकाकडे आणा. एका वेळी अर्ध्या मिमीहून जास्त सरकवू नका, कारण अर्ध्या मिमीने तोंड १ मिमी रुंद होतं. दुरुस्ती करताना ड्रिल बिटला हात लावायचा नाही, नुसती कॉलर. फक्त टोक पाटाच्या पलीकडून बाहेर पडत असेल तेव्हाच कटर सोडून ड्रिल बिट आत घ्यायचं.

सलग तीन भोकं एकसारखी आली की खरा पाट घ्या.

कपाटाचा जोड

बाजूच्या पाटावर फळीच्या जाडीच्या मध्यावर, म्हणजे फळीच्या कडेपासून ९ मिमीवर, पेन्सिलने रेघ मारा. कोपऱ्यापासून ४० ते ५० मिमी सोडून पहिला स्क्रू, पुढचे १५० ते २०० मिमी अंतराने. प्रत्येक खुणेवर अणकुचीदार सळईने किंवा खिळ्याने छोटा खळगा करा, बिट तिथून घसरत नाही. दोन्ही पाट क्लॅम्पने घट्ट आवळूनच भोक पाडा.

क्लॅम्पचा आग्रह यासाठी की पूर्ण आट्यांचा स्क्रू वरच्या पाटातही आट्यांनी धरतो. दोन पाटांत केसभर फट असेल तर तो दोघांना त्याच अंतरावर धरून ठेवतो, कितीही कसा, फट मिटत नाही. अशा वेळी स्क्रूवर जोर वाढवून उपयोग नाही. स्क्रू काढा, फक्त वरच्या पाटातलं भोक ४ किंवा ४.५ मिमीच्या साध्या बिटने मोकळं करा आणि पुन्हा बसवा. आता आटे फक्त फळीत धरतात आणि डोकं वरचा पाट ओढून घेतं. मानेकडे आटे नसलेला स्क्रू घेतला तर ही अडचण बऱ्याच अंशी टळते. पाटाच्या जाडीइतकी तरी मान कोरी असलेला निवडा.

आणखी एका गोष्टीवर लक्ष ठेवा. सलग भोकं पाडताना कॉलरच्या तोंडात भुस्सा दाबून बसतो. कॉलर लाकडाला टेकते असं वाटतं, पण मधे भुश्शाचा थर असतो, म्हणून भोकं हळूहळू उथळ व्हायला लागतात. अशा वेळी कॉलर सैल करून खोली वाढवली तर भुस्सा निघाल्यावर पुढची भोकं खोल जातील. आधी ब्रशने कॉलर साफ करा, मग ठरवा.

लाकडाप्रमाणे काय बदलतं

एमडीएफ सगळ्यात नाजूक. काउंटर न करता स्क्रू घुसवला तर भोकाभोवती फुगवटा येतो, आणि कडेत घुसवला तर पाट मधून उकलतो. कडेतलं भोक स्क्रूच्या पूर्ण लांबीचं पाडा. त्याची धूळ फार बारीक असते, मास्क लावल्याशिवाय काम करू नका. एमडीएफ आणि पार्टिकल बोर्डसाठी मिळणाऱ्या ७ × ५० मिमीच्या कन्फर्मॅट स्क्रूला वेगळं पायरीचं बिट येतं, त्यात ५ मिमीचं भोक, ७ मिमीची मान आणि डोक्याची जागा एकत्र होते. तिथे साधं जोडबिट चालवू नका.

आधीच सनमायका लावलेल्या पाटावर भोकाच्या जागी मास्किंग टेप चिकटवा आणि टेपवरूनच भोक पाडा. बिट धारदार हवं आणि शंकू सनमायकाला टेकायच्या आधीच पूर्ण वेगात हवं. हळू फिरणारा कटर सनमायका कापत नाही, तिचे टवके उडवतो.

६ मिमीच्या मागच्या प्लायला सीएसके स्क्रू शक्यतो वापरूच नये. डोक्याने २ मिमी खाल्ले की खाली चारच उरतात. तिथे सपाट बुडाच्या रुंद डोक्याचा स्क्रू घ्या, काउंटरची गरजच नाही.

काळ्या ड्रायवॉल स्क्रूंचं डोकं खालून सरळ शंकूचं नसून कर्ण्यासारखं वळलेलं असतं. तो स्क्रू कडक असतो पण ठिसूळही, सागवानात शेवटच्या दोन फेऱ्यांत मानेतून तुटतो. जिप्सम बोर्डसाठी तो उत्तम, फर्निचरला चिपबोर्ड स्क्रू वापरा.

सागवानाच्या चौकटीवर स्क्रू दिसू नये असं असेल तर कॉलर अजून मागे घेऊन ८ ते १० मिमी खोल सरळ खड्डा पाडतात आणि त्याच लाकडाचं बूच गोंद लावून बसवतात. इथे कटरचा व्यास बुचाच्या व्यासाइतकाच हवा. बुचाचे रेषे चौकटीच्या रेषांच्या दिशेने फिरवून बसवा, गोंद वाळल्यावर पटाशीने छाटा. डोकं जितकं खाली जाईल तितका लांब स्क्रू लागेल असं वाटतं, पण पलीकडच्या लाकडाची जाडी तपासा. बुचाचे १० मिमी धरून हिशेब केला तर बऱ्याचदा आखूड स्क्रूच लागतो.

बिजागरीच्या पट्टीत काउंटर आधीच असतो, पण स्वस्त पट्ट्यांत तो उथळ असतो आणि डोकी वर राहून दार पूर्ण बंद होत नाही. अशा वेळी लाकडात खोल जाऊन फायदा नाही, पट्टीच्या धातूतच काउंटर वाढवावा लागतो. पट्टी शिकंज्यात धरून नुसता ९० अंशांचा हाय स्पीड स्टीलचा कटर १ नंबरच्या गिअरवर अगदी हळू फिरवा. लोखंडाला तेलाचा थेंब, ॲल्युमिनियमला रॉकेल.

तोंड गोल न येता कोनाकोनाचं आलं तर

शंकू थरथरला की भोकाचं तोंड लाटांसारखं खडबडीत होतं. बहुतेक वेळा वेग जास्त आणि दाब कमी हे कारण असतं. वेग कमी करा, दाब स्थिर ठेवा. चार-पाच धारांचा कटर हातमशीनवर जास्त थरथरतो, एकाच धारेचा किंवा अंगात आरपार भोक असलेला कटर शांतपणे कापतो. धातूवर थरथर थांबत नसेल तर कटर आणि पट्टी यांच्यामध्ये जाड कापडाचा छोटा तुकडा ठेवून हळू फिरवा. कापड मशीन थांबलेलं असताना ठेवायचं आणि बोटं लांब ठेवायची. फिरत्या बिटाजवळ हातमोजे घालू नका, चष्मा मात्र घालाच.

तोंड एका बाजूला ओढल्यासारखं अंडाकृती येत असेल तर षटकोनी दांड्याचं बिट सैल बसलं आहे का ते बघा. झटपट बदलायच्या सॉकेटमध्ये असं होतं. नेमकं काम असेल तेव्हा बिट सरळ तीन जबड्यांच्या चकमध्ये कसा.

धार आणि सफाई

प्लायमधला गोंद बिटला लवकर बोथट करतो. भोकातून धूर, कडा काळ्या, भुश्शाऐवजी पीठ निघणं, ही धार गेल्याची लक्षणं. आधी थिनरमध्ये बुडवलेल्या जुन्या टूथब्रशने चिकटलेला थर काढा, पुष्कळदा तेवढ्यानेच बिट सुधारतं. नसेल तर कटरच्या धारेची आतली सपाट बाजू बारीक डायमंड कानशीने दोन-तीनदा घासा. बाहेरच्या शंकूला कानस लावायची नाही, त्याने कोनही जातो आणि व्यासही. बिट निळं पडलं असेल तर पोलादाचं पाणी, म्हणजे कडकपणा, उतरलेलं असू शकतं. धार टिकत नसेल तर नवीन घ्या. मधलं ड्रिल बिट साध्या मापाचं असेल तर एकटं बदलता येतं, पूर्ण संच टाकायची गरज नाही.

एकाच मापाचं काम पुढेही येणार असेल तर कॉलर सोडू नका. डबीवर पेनने लिहून ठेवा: कोणता स्क्रू, कोणतं लाकूड, टोक ४५, शंकू ३.